बर्लिनमधला इंग्रज मुलगा

(सिनेगॉगच्या सभागृहात एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



चिटणीसांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, पण रक्तदाब आणि मधुमेह यांवर पुन्हा बोलू नये अशी प्रेमळ अटही घातली. म्हणून आज मी औषधांपासून दूर जाऊन एका पत्रकाराविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव सेफ्टन डेल्मर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारसाठी जर्मन भाषेतून प्रचार करणारी, म्हणजे सरळ शब्दांत सांगायचे तर शत्रूशी पद्धतशीर खोटे बोलणारी जी गुप्त यंत्रणा उभी राहिली, तिचे ते प्रमुख सूत्रधार होते. त्यांच्या युद्धातील करामतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक ओढ वाटली ती त्यांच्या बालपणाची. आपल्या घरांतली मुलेही एका देशाची भाषा ओठांवर घेऊन दुसऱ्या देशाच्या शाळेत गेली, हे त्याचे एक कारण असावे.

डेल्मर मुलगा आहे तोवर मी त्याला 'तो' म्हणेन. पुढे 'ते' म्हणावेच लागेल.

त्याचा जन्म २४ मे १९०४ रोजी बर्लिन शहरात झाला. वडील फ्रेडरिक सेफ्टन डेल्मर हे टास्मानियात जन्मलेले ऑस्ट्रेलियन गृहस्थ, बर्लिनच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवीत. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक जर्मन विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. आईही ऑस्ट्रेलियाची. म्हणजे घर ब्रिटिश साम्राज्याचे, पण दाराबाहेर सगळे जर्मन. मुलाला पाच वर्षांचा होईपर्यंत केवळ जर्मन भाषाच शिकविण्यात आली. परिणाम असा की तिशी ओलांडल्यानंतरसुद्धा त्याच्या इंग्रजीत किंचित जर्मन झाक ऐकू येई.

पहिली भाषा किती खोल जाते हे आम्हा परिचारिकांना पुस्तकांतून शिकावे लागत नाही. इथल्या रुग्णालयात रात्रपाळी करताना मी पाहिले आहे, दिवसभर उत्तम हिब्रू बोलणारी म्हातारी माणसे शस्त्रक्रियेनंतर गुंगीतून बाहेर येताना जर्मनमध्ये पाणी मागत, अरबीत आईला हाक मारीत, आणि आपली कोकणातली मंडळी "अगं बाई" म्हणत. मुलाच्या तोंडी ही भाषा घालताना, तिचे पुढे काय होणार आहे याची त्या प्राध्यापकांना काय कल्पना असणार!

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. ज्या शहरात तो जन्मला ते शहर एका आठवड्यात शत्रूचे झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जर्मन सरकारने ब्रिटिश पुरुषांना सरसकट अटकेत टाकण्याचा हुकूम काढला आणि प्राध्यापक डेल्मर रूलेबेनच्या छावणीत गेले. रूलेबेन म्हणजे बर्लिनच्या पश्चिमेस, स्पांडाऊजवळ असलेले घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. तिथल्या तबेल्यांत चार हजारांहून अधिक माणसे कोंडली गेली. जेथे पूर्वी घोडा बांधला जाई त्या एकेका कप्प्यात सहा सहा माणसे झोपत. कैद्यांत व्यापारी होते, खलाशी होते, संगीतकार होते. पुढे न्यूट्रॉनचा शोध लावणारे जेम्स चॅडविक हेही तिथेच होते, आणि तुटपुंज्या साधनांनिशी त्या तबेल्यात प्रयोग करीत.

त्या छावणीशी आपलाही एक बारीकसा धागा जुळतो. ज्यू कैद्यांना तिथे निराळ्या बराकीत ठेवले होते. झायोनिस्ट चळवळीतील पत्रकार इस्राएल कोहेन हे त्या छावणीत होते. सुटून आल्यावर त्यांनी रूलेबेनवर पुस्तक लिहिले. हेच कोहेन पुढे १९२०-२१ च्या पूर्वेकडील प्रवासात मुंबईस आले आणि आपल्या बेने इस्राएल समाजालाही त्यांनी पाहिले. ज्या आवारात त्या मुलाचे वडील कैद होते, त्याच आवारातून सुटलेला माणूस आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुंबईत फिरला, हे वाचताना मी पुस्तक क्षणभर खाली ठेवले.

आई आणि मुले मात्र बाहेरच राहिली. स्त्रियांना व लहान मुलांना अटक नव्हती. मुलगा फ्रीडरिशवेर्डर गिम्नाझियम नावाच्या जुन्या, नामांकित शाळेत जात राहिला. वडील शत्रू म्हणून कैदेत, आणि मुलगा त्याच शत्रूच्या बाकावर लॅटिन घोकतो आहे. त्या काळच्या जर्मन शाळा विजयाच्या बातम्यांवर चालत. इंग्लंडला देवाने शिक्षा करावी, अशा अर्थाची घोषणा घरोघर पोहोचली होती. लोक रस्त्यात भेटल्यावर नमस्काराऐवजी ती म्हणत, पोस्टकार्डांवर ती छापली जाई. ही घोषणा चालू केली आणि इंग्लंडच्या द्वेषाचे ते सुप्रसिद्ध गीत लिहिले ते कवी एर्न्स्ट लिसाउअर यांनी, आणि ते ज्यू होते. कैसरने त्यांना पदक दिले. त्यांचे गीत सैन्यात वाटले गेले आणि शाळांतून शिकविले गेले. मला त्यांचा राग येत नाही, कीव येते. आपण पूर्ण जर्मन आहोत हे सिद्ध करण्याची ज्याला घाई होती, त्याने इतरांपेक्षा मोठ्याने द्वेष केला. आणि त्याच जर्मन सैन्याने १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यू सैनिकांची निराळी शिरगणती केली. ज्यू लोक आघाडी चुकवितात ही कुजबूज त्या मोजणीमागे होती. निष्कर्ष मात्र युद्धकाळात प्रसिद्धच केले नाहीत, त्यामुळे कुजबूज तशीच राहिली. सुमारे बारा हजार ज्यू सैनिक त्या युद्धात जर्मनीसाठी मेले.

कुजबुजीचे सामर्थ्य त्या इंग्रज मुलाने अशा शहरात राहून पाहिले. अधिकृत बातमीपत्रात विजय, आणि पावाच्या रांगेत बायका काय बोलतात ते निराळे. १९१५ च्या आरंभापासून बर्लिनमध्ये पाव शिधापत्रिकेवर मिळू लागला होता. त्यानंतर आला १९१६-१७ चा हिवाळा, ज्याला जर्मन लोक आजही सलगमाचा हिवाळा म्हणतात. बटाट्याचे पीक बुडाले, आणि जनावरांसाठी लावलेले सलगम माणसांनी खाल्ले. सलगमाचे सूप, सलगमाचा मुरंबा, पावातही सलगमच. ब्रिटिश आरमाराने समुद्र अडविला होता, त्यामुळे बाहेरून धान्य येत नव्हते. युद्ध संपल्यावर जर्मन सरकारने या नाकेबंदीने ७,६३,००० नागरिक मेल्याचा दावा केला. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बराच खाली आणला, तरी तो लाखांतच राहतो. हे मृत्यू थेट भुकेने कमी आणि क्षयाने, फुफ्फुसदाहाने अधिक झाले. पोट रिकामे असले की छातीचा रोग बळावतो, हे आम्ही शिकाऊ असताना मुंबईच्या वॉर्डात पाहिले आहे. कोकणातून आलेला गिरणी कामगार गोळ्यांनी सुधारत नसे, दूध-अंडी मिळाली की सुधारे.

आता या मुलाचे पाहा. तो इंग्रज आहे म्हणून बाप कैदेत, आणि तो बर्लिनमध्ये आहे म्हणून इंग्लंडचेच आरमार त्याला उपाशी ठेवते. दोन्ही देशांनी त्याच्याशी शत्रूसारखेच वागायचे ठरविले होते म्हणा ना.

१९१७ मध्ये दोन सरकारांत कैद्यांची अदलाबदल झाली आणि डेल्मर कुटुंब इंग्लंडला पोहोचले. मुलगा तेरा वर्षांचा, आपल्याकडे बार-मित्सवाचे वय. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत त्याचे नाव घातले गेले. पण इंग्लंडमध्ये तरी काय वातावरण होते? लुसिटानिया जहाज बुडाल्यावर १९१५ मध्ये जर्मन नावांची दुकाने जमावांनी फोडली होती. १९१७ च्या जुलैत तर राजघराण्यानेच आपले जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव धारण केले. ज्या देशात राजालासुद्धा जर्मन नाव परवडले नाही, तिथे हा मुलगा जर्मन उच्चाराचे इंग्रजी घेऊन वर्गात उभा राहिला.

आपल्यापैकी जी मंडळी १९५० आणि ६० च्या दशकांत लहानपणी इथे आली, त्यांना मी हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. भारतात आपण 'शनिवार तेली', आणि इथे आल्यावर 'होदीम'. अशा मुलांना एक सवय लागते. ती आधी ऐकतात आणि मग बोलतात. वर्गातला दादा कोणता शब्द कसा उच्चारतो, शिक्षक रागावल्यावर कोणती म्हण वापरतात, हे ती टिपून ठेवतात, कारण त्यावरच त्यांचा निभाव लागतो. डेल्मर यांच्या कानाची तयारी अशीच झाली असे माझे मत आहे. लोक त्यांच्या बुद्धीचे कौतुक करतात. मला त्यांचा कान मोठा वाटतो.

शाळेनंतर ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात त्यांनी आधुनिक भाषा घेतल्या आणि दुसऱ्या वर्गात पदवी मिळविली. त्यानंतर काही काळ किरकोळ वृत्तलेखन केले, आणि मग लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या 'डेली एक्सप्रेस' ने त्यांना बर्लिन कार्यालयाचा प्रमुख म्हणून नेमले. ते वर्ष १९२८, वय चोवीस. ज्या शहरातून बापलेक अदलाबदलीचे कैदी म्हणून निघाले होते, त्याच शहरात ते इंग्रजी वृत्तपत्राचे प्रतिनिधी म्हणून परतले.

इथून त्यांचे चरित्र अस्वस्थ करणारे होते. बातमी मिळविण्यासाठी त्यांनी नाझींच्या तपकिरी सेनेचा प्रमुख एर्न्स्ट रोम याच्याशी मैत्री केली. रोमच्या मध्यस्थीने १९३१ मध्ये त्यांना हिटलरची मुलाखत मिळाली, आणि अशी मुलाखत घेणारे ते पहिले ब्रिटिश वार्ताहर ठरले. १९३२ च्या निवडणूक-दौऱ्यात ते हिटलरच्या विमानातून हिंडले. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइखस्टागची इमारत जळत असताना हिटलरच्या मागोमाग ते आत शिरले. लंडनमध्ये काहींना वाटे, हा माणूस नाझींना विकला गेला आहे. नाझी पुढाऱ्यांची खात्री होती की हा ब्रिटिश हेर आहे. पुन्हा तेच, दोन्हीकडे परका.

ते नाझी होते असे मला वाटत नाही. पण त्या काळात जे आपल्या लोकांवर बर्लिनच्या रस्त्यांत गुदरत होते, त्याच्या मानाने त्यांच्या लेखणीत शिकाऱ्याचा आनंद जास्त होता, हेही मी नमूद करते. त्यानंतर ते पॅरिसला गेले, स्पेनचे यादवी युद्ध पाहिले, १९३९ मध्ये पोलंड आणि १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव पाहिला.

१९ जुलै १९४० रोजी हिटलरने राइखस्टागमधील भाषणात इंग्लंडला तहाचे आवाहन केले. डेल्मर त्या संध्याकाळी बी.बी.सी.च्या जर्मन विभागात पहिल्यांदाच बोलणार होते. मंत्रिमंडळाला न विचारता त्यांनी अत्यंत शिवराळ, अत्यंत अस्सल जर्मनमध्ये तो प्रस्ताव हिटलरच्या तोंडावर फेकून दिला. परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचा अधिकृत नकार तीन दिवसांनी आला. एका वार्ताहराने साऱ्या राष्ट्राच्या वतीने बोलावे का, असा प्रश्न पार्लमेंटमध्येही निघाला. पण बर्लिनमध्ये तो नकार सरकारचाच समजला गेला.

त्यानंतर सरकारने त्यांना ठेवून घेतले. पुढे ज्या खात्याला पोलिटिकल वॉरफेअर एक्झिक्युटिव्ह असे नाव पडले, त्याच्यासाठी त्यांनी १९४१ च्या मे महिन्यात 'गुस्टाव्ह सीगफ्रीड आइन्स' हे गुप्त रेडिओ केंद्र सुरू केले. त्यावर 'शेफ', म्हणजे साहेब, नावाचा एक रागीट प्रशियन अधिकारी बोले. हे केंद्र जर्मनीतच कुठे लपले आहे असा आभास होता. शेफ हिटलरविरुद्ध बोलत नसे. तो देशभक्त होता, सैन्याचा कैवारी होता, आणि पक्षाच्या लाचखाऊ, चैनी अधिकाऱ्यांवर आग पाखडीत असे. हा आवाज बर्लिनहून पळून आलेल्या एका निर्वासित लेखकाचा होता. शेफ खरा वाटावा म्हणून तो चर्चिलनाही शिव्या देई, आणि पहिल्याच कार्यक्रमात त्याने चर्चिलना दारुड्या ज्यूची औलाद म्हटले. ब्रिटिश सरकारच्या पैशाने, ब्रिटिश भूमीवरून! पुढे या केंद्रांवर ज्यू निर्वासितही काम करीत होते. ज्यांच्या आईवडिलांना त्याच शिव्यांनी घराबाहेर काढले, त्यांनी त्याच शिव्या जवळून ऐकत शत्रूला फसवायचे काम केले. स्टॅफर्ड क्रिप्स यांनी १९४२ मध्ये या कार्यक्रमांतील अश्लीलतेवर रागाने पत्र लिहिले. ज्यूंविषयीच्या त्या शब्दावर मात्र कोणी मंत्री रागावल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

नंतर 'झोल्डाटेनझेंडर कॅले' आले, त्यात उत्तम संगीत, खऱ्या बातम्या, आणि त्यांत बेमालूम मिसळलेली खोटी. कानात साठविलेले बर्लिन इथे कामी आले. पावाच्या रांगेतली बाई कशाने घाबरते, शिपाई अधिकाऱ्यावर कशाने चिडतो, हे त्यांना ठाऊक होते.

आणि आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येते. डेल्मर यांनी 'ब्लॅक बूमरँग' या आठवणींच्या पुस्तकात हे स्वतःच लिहिले आहे. जर्मन लष्करी रुग्णालयांत सैनिक मेला की रुग्णालयाचे प्रमुख त्याच्या गावच्या पक्ष-कार्यालयास बिनतारी संदेश पाठवीत, की नातेवाइकांस कळवावे. हे संदेश सांकेतिक नसत. ब्रिटिश ते ऐकत. त्यातून सैनिकाचे नाव, घरचा पत्ता, रुग्णालयाचे नाव मिळे. मग डेल्मर यांचे लोक त्या रुग्णालयाच्या छापील कागदावर, हाताने, एक पत्र लिहीत. पत्र लिहिणारी कोण? कधी मृताचा सोबती, आणि कधी त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका. त्यात लिहिलेले असे की त्याने शेवटी घरच्यांची आठवण काढली, आणि सोन्याचे घड्याळ अशा काही मौल्यवान वस्तू तुम्हाला पाठविण्यासाठी दिल्या आहेत. घरचे लोक पक्षाच्या अधिकाऱ्याकडे जात, वस्तू मागत. त्याच्याकडे काही नसे. चोर ठरे. काही पत्रांत तर असे सूचित केलेले असे की तुमच्या मुलाला प्राणघातक इंजेक्शन दिले गेले.

ही शेवटची थाप जर्मन माणसाला का पटावी? कारण तसे घडत होते. नाझी राजवटीने अपंग आणि मनोरुग्ण माणसे मारली, आणि हादामारसारख्या संस्थांत इंजेक्शनची सुई परिचारिकांच्या हातात होती. १९४५ मध्ये त्यांच्यावर खटले चालले. म्हणजे खोट्याला टेकण्यासाठी खऱ्याची भिंत होती, आणि ती भिंत माझ्याच व्यवसायातल्या स्त्रियांनी बांधली होती.

मुंबईत शिकत असताना मी वॉर्डात पत्रे लिहून देत असे. अलिबाग, पेण, रोहा, माणगाव. रुग्णांना लिहिता येत नसे, ते म्हणत, "सिस्टर, घरी दोन ओळी टाका." निळे अंतर्देशीय पत्र घ्यायचे आणि ते सांगतील ते उतरवायचे. काही वेळा सांगणारा उरत नसे, आणि पत्र मलाच लिहावे लागे. त्याला शेवटी त्रास झाला नाही, असे लिहिताना माझा हात अडे, कारण ते नेहमीच खरे नसे. मेट्रन म्हणत, जे पाहिले तेच लिही, थोडे लिही, आणि नाव घाल. गावाकडे ते पत्र शाळामास्तर मोठ्याने वाचीत, आणि मग ते देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत ठेवले जाई.

ही गोष्ट मी घरी मुलीला सांगितली. ती सैन्यात सेवा केलेली, आजच्या काळाची. तिने विचारले, "आई, तुला कोणी सांगितले असते, तर तू ते पत्र लिहिले असतेस का? त्या युद्धाचा एक दिवस कमी झाला असता तर आपली किती माणसे वाचली असती?" प्रश्न रास्त आहे. आपल्या समाजाला त्या दिवसांचे मोल दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

मी तिला म्हणाले, रेडिओवर मी बोलले असते. शेफचे भाषणही लिहून दिले असते, शिव्यांसकट. हातात बंदूक असलेला शिपाई रेडिओ ऐकतो, त्याला तो बंद करता येतो, शंका घेता येते, सोबत्याला विचारता येते. पण मुलाच्या मृत्यूनंतर रुग्णालयातून आलेल्या पत्रावर आई शंका घेत नाही. ते पत्र मी लिहिले नसते. मुलगी म्हणाली, युद्धात हा फरक करायला वेळ कोणाला असतो? मी म्हणाले, डेल्मरना होता. पुस्तक लिहिताना त्यांना पुरेसा वेळ होता, आणि या पत्रांना क्रूर म्हणण्याइतका प्रामाणिकपणाही होता. पुस्तकाचे नाव त्यांनी बूमरँग ठेवले, कारण जर्मन सैन्य मनातून नाझीविरोधी होते ही त्यांच्या रेडिओने पसरविलेली समजूत युद्धानंतर जर्मन सेनापतींनीच स्वतःच्या बचावासाठी वापरली, आणि ते त्यांना फार लागले. पत्रांविषयी ते पुढच्या पानावर निघून जातात.

मुलीला माझे म्हणणे अजून पटलेले नाही. ती मागच्या रांगेत बसली आहे. तिला काही बोलायचे असल्यास अध्यक्षांनी तिला वेळ द्यावा.